पाषाणाचे घराणे
(ग्वाल्हेरच्या वालुकाश्मातील वास्तूंविषयी झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



‘काळ्या दगडावरची रेघ’ असा शब्दप्रयोग मराठीत रूढ आहे. एकदा उमटली की न पुसणारी रेघ. ज्या प्रदेशात डोंगर, किल्ले, लेणी, देवळे, घरांची जोती आणि स्वयंपाकघरातील पाटा-वरवंटा सारे काळ्या पाषाणाचे, त्या प्रदेशाच्या भाषेत असाच वाक्प्रचार जन्माला यायचा. परंतु मराठी माणसाने आपल्या पराक्रमाच्या काळात जी नगरे वसवली, ती सारीच काळ्या पाषाणावर उभी नाहीत. ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी दौलतराव शिंद्यांच्या फौजेने १८१० साली तळ दिला. तो तळ पुढे उठलाच नाही. ‘लष्कर’ याच नावाने त्याचे शहर झाले. त्या शहराचा दगड फिकट पिवळा, कुठे पांढुरका, कुठे हिरवट छटेचा असा वालुकाश्म आहे. या दगडावर रेघ फार सहज उमटते, आणि काळजी घेतली नाही तर तितक्याच सहज पुसली जाते. आजच्या व्याख्यानाचा विषय ही पुसली जाणारी रेघ हाच आहे.

ग्वाल्हेरचा डोंगर मोठा चमत्कारिक आहे. पायथ्याशी काळा पाषाण आणि त्याच्या माथ्यावर वालुकाश्माचे टोपण, अशी त्याची घडण. विंध्य पर्वताच्या ज्या खडकसमूहाचा हा वालुकाश्म भाग आहे, त्याचे वय भूशास्त्रज्ञ शंभर कोटी वर्षांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक मानतात. वाळूचे कण पाण्याच्या तळाशी थरावर थर साचले, सिलिका, लोह, माती अशा द्रव्यांनी एकमेकांना बिलगले आणि दगड झाला. कण घट्ट बिलगलेले असतील तर दगड शतकानुशतके टिकतो. बंध सैल असेल तर बोट फिरवले तरी भुकटी हाताला लागते. शिवाय हा दगड थराथराचा. वहीची पाने असावीत तसे त्याचे थर असतात. खाणीत तो जसा आडवा पहुडलेला होता, तसाच आडवा भिंतीत बसवला तर वरचे ओझे तो सुखाने पेलतो. तोच उभा करून बसवला की काही पावसाळ्यांनंतर त्याचा पापुद्रा सुटू लागतो. जुन्या पाथरवटाला हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. हातोडीच्या आवाजावरून दगडाचा थर ओळखणे ही त्याची बाराखडी होती.

त्या बाराखडीत काय काय लिहिले गेले, हे पाहायचे असेल तर ग्वाल्हेर दरवाजाकडून किल्ला चढावा. गणेश दरवाजा ओलांडून लक्ष्मण दरवाजाकडे जाताना वाटेवर एक लहानसे देऊळ लागते. चतुर्भुज विष्णूचे हे देऊळ बांधलेले नाही, ते अखंड खडकातून कोरून काढलेले आहे. प्रतिहार सम्राट मिहिरभोजाच्या काळातील अल्ल नावाच्या अधिकाऱ्याने ते करविले. गाभाऱ्यातील शिलालेख विक्रम संवत ९३३चा, म्हणजे इसवी सन ८७६चा आहे. देवासाठी दिलेल्या फुलबागेचे माप २७० हात गुणिले १८७ हात, आणि रोज वाहायच्या माळा ५०, असा त्यात हिशेब आहे. या २७० मधील आणि ५० मधील शून्य लहानशा वर्तुळाने कोरलेले आहे, अगदी आजच्यासारखे. भारतातील शून्याच्या निःसंदिग्ध आणि अतिशय जुन्या कोरीव खुणांमध्ये याची गणना होते. शून्याचा अभिमान आपल्याकडे व्यासपीठावरून पुष्कळ सांगितला जातो. ते शून्य एका मऊ दगडाच्या भिंतीवर बोटाच्या पेराएवढ्या जागेत आहे आणि त्या भिंतीची ओल, तिच्यावरची काजळी यांची चिंता कोणीतरी रोज वाहावी लागते, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

वर पोहोचल्यावर तेली मंदिर दिसते. आठव्या-नवव्या शतकातील, सुमारे ८० फूट उंचीचे, उत्तरेतील नेहमीच्या शिखरापेक्षा अगदी वेगळ्या, गजपृष्ठाकार छपराचे हे देवालय. सास-बहू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जोडमंदिरांपैकी मोठे मंदिर कच्छपघात राजा महीपालाने पूर्ण केले. त्याचा लेख १०९३ सालचा आहे. मंदिर विष्णूचे. ‘सहस्रबाहू’चा अपभ्रंश लोकांच्या जिभेवर ‘सास-बहू’ झाला, असे तेथे सांगतात. किल्ल्याच्या कड्यावर तोमर राजे डुंगरसिंह आणि कीर्तिसिंह यांच्या काळात, पंधराव्या शतकात, जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती कोरल्या गेल्या. त्यांपैकी उरवाही खोऱ्यातील आदिनाथांची मूर्ती सुमारे ५७ फूट उंच आहे. १५२८ साली बाबर ग्वाल्हेरला आला. या मूर्ती फोडण्याची आज्ञा आपण दिली, हे त्याने स्वतःच्या आत्मवृत्तात स्वतःच लिहून ठेवले आहे. मूर्तींचे चेहरे फोडले गेले. पुढे जैन समाजाने त्यांतील कित्येकांना चुन्याच्या गिलाव्याने पुन्हा चेहरे दिले. आजचे पुरातत्त्वज्ञ या दुरुस्तीकडे पाहून नाक मुरडतील कदाचित. परंतु भंगलेल्या देवाला पुन्हा मुख देणाऱ्या त्या अज्ञात गवंड्याने साहित्य मात्र योग्य निवडले होते, ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

आणि मानमंदिर! राजा मानसिंह तोमर १४८६ ते १५१६ या काळात ग्वाल्हेरच्या गादीवर होता. त्याच्या या प्रासादाची पूर्वेकडील भिंत सुमारे ३०० फूट लांब आहे. पिवळसर दगडावर निळ्या, हिरव्या, पिवळ्या मिनेदार कौलांचे पट्टे, त्यांत हंसांच्या रांगा, हत्ती, मगरी आणि केळीची झाडे. पहाटेचे ऊन त्या भिंतीवर येते तेव्हा दगड कोणता आणि प्रकाश कोणता, हे क्षणभर ओळखू येत नाही. त्याच कारागिरांच्या वंशजांनी पुढे गावात महंमद घौसच्या कबरीच्या जाळ्या कोरल्या. घौस १५६३ साली वारला. तानसेनाची समाधी याच आवारात आहे. या जाळ्यांपुढे उभे राहिले की कारागिराच्या छिन्नीचे कूळ एकच होते हे उमगते. यजमान बदलले, हात तोच राहिला.

तो हात १८८०च्या सुमारास रिकामा झाला होता. १८५८च्या धामधुमीनंतर किल्ला इंग्रजांच्या ताब्यात होता. तेथे बराकी उठल्या. तेली मंदिरात सोडावॉटरचा कारखाना थाटला होता, अशी आठवण ग्वाल्हेरीत आजही सांगितली जाते. संस्थानात नवी मोठी बांधकामे पाश्चात्त्य वळणाची होऊ लागली होती. १८७४ साली पूर्ण झालेला जयविलास हा त्याचा ठळक नमुना. अशा काळात मेजर कीथ नावाचा एक इंग्रज अधिकारी या भागातील प्राचीन वास्तूंच्या देखभालीसाठी नेमला गेला. तेली मंदिराची दुरुस्ती त्याच्या देखरेखीखाली झाली. आवारात विखुरलेले जुने कोरीव तुकडे गोळा करून त्याने मंदिरासमोर एक दरवाजा उभारला. तो आजही तेथे आहे. कोणता तुकडा मूळ कुठला होता, हे त्यामुळे कायमचे हरवले, असा आक्षेप त्यावर घेता येतो. तो आक्षेप खरा आहे. पण कीथला दगडांच्या जोडीने माणसेही दिसली, हे त्याचे श्रेय नाकारता येत नाही.

ग्वाल्हेरमध्ये काम नसलेल्या पाथरवटांची संख्या सुमारे २००० होती, असे त्या वेळच्या हकिगतीत येते. त्यांना काम मिळावे म्हणून कीथने एक महाद्वार कोरून घेण्याची योजना आखली. परिसरातील जुन्या वास्तूंवरील नक्षीचे नमुने त्यासाठी घेतले गेले. शिंदे महाराजांच्या आश्रयाने हे द्वार तयार झाले. १८८३-८४च्या कलकत्त्याच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात ते उभे राहिले आणि नंतर सुमारे २०० पेट्यांतून, सुटे करून, समुद्रापार गेले. १८८६ साली लंडनच्या प्रदर्शनात हिंदुस्थान विभागाच्या तोंडाशी तेच द्वार होते. आज ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. १८८६ हेच साल ग्वाल्हेरच्या किल्ल्याचेही. त्या वर्षी इंग्रजांनी झाशी घेऊन किल्ला शिंद्यांना परत केला. किल्ला घरी आला आणि महाद्वार परदेशी गेले.

या द्वाराची कथा सांगताना आपल्याकडे बहुधा एकच सूर लागतो, तो म्हणजे ‘परत आणा’. द्वार चोरून नेलेले नव्हते, देणगी होती. परंतु तो वाद बाजूला ठेवला तरी एक प्रश्न उरतो. ते उद्या परत आले आणि त्याचा एखादा खांब प्रवासात दुखावला, तर तो पुन्हा कोरून बसवणारे हात ग्वाल्हेरमध्ये किती उरले असतील? दोन हजारांचा आकडा कुठवर आला असेल?

याचे उत्तर किल्ल्यावर मिळत नाही. किल्ल्यावरील वास्तूंना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संरक्षण आहे. संस्थानी काळातही त्यांची आबाळ नव्हती. माधवराव शिंद्यांनी १९१३ साली संस्थानचे स्वतंत्र पुरातत्त्व खाते काढले. एम. बी. गर्दे या मराठी विद्वानाने ते नावारूपाला आणले आणि गुजरी महालात संग्रहालय उभे केले. ग्यारसपूरची जगप्रसिद्ध शालभंजिका तेथेच पाहायला मिळते. २०२४च्या मार्चमध्ये ग्वाल्हेरचा किल्ला जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आला. हे सारे आनंदाचेच आहे. खरी परीक्षा मात्र किल्ला उतरून लष्करात शिरल्यावर सुरू होते.

लष्करच्या वस्त्यांची नावे ऐकली तरी मराठी कान टवकारतात. चिटणीस की गोठ, पाटणकर बाजार, फालका बाजार, शिंदे की छावनी, छत्री बाजार. सरदार, कारकून, भिक्षुक, गवई, सारे तेथे आले आणि त्यांनी आपापली घरे बांधली. घराची मांडणी देशावरची, म्हणजे चौक, ओसरी, देवघर. पण दगड तिथला आणि हातही तिथला. म्हणून वाड्याच्या दर्शनी बाजूला असे सज्जे, अशा महिरपी आणि अशा जाळ्या आल्या की ज्या पुण्या-साताऱ्याच्या वाड्यांना कधी लाभल्या नाहीत. मराठी चौक आणि ग्वाल्हेरी झरोका यांचा हा संसार दोनशे वर्षांचा आहे. त्याची नोंद कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही, आणि पुरातत्त्वाचे संरक्षण अशा घरांना सहसा नसते.

अशा घरांचे काय होते? खालच्या मजल्यावर दुकाने, वर तीन-चार भावकींची बिऱ्हाडे, काही पुणे-इंदूरला गेलेली, काही परदेशात. दर्शनी दगडाचा पापुद्रा सुटू लागला की घरातले कोणीतरी सद्‌हेतूनेच गवंडी बोलावतात. गवंडी सिमेंट घेऊन येतो. सांधे सिमेंटने भरले जातात, भिंत गुळगुळीत होते आणि सारे समाधान पावतात. नेमका येथेच घात होतो. वालुकाश्माची भिंत पाणी पिते आणि उन्हात ते सोडून देते. जुन्या चुन्याच्या सांध्यातून हे पाणी सहज बाहेर पडत असे. सांधा दगडापेक्षा मऊ असायचा, झिजायचा तो सांधा, आणि दहा-वीस वर्षांनी तो पुन्हा भरला की झाले. सिमेंट दगडापेक्षा कठीण आणि पाण्याला बंद. मग पाणी दगडातूनच वाट काढते, येताना क्षार घेऊन येते, आणि ते क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन फुगतात. आजी ज्याला ‘भिंतीला लोणा लागला’ म्हणत असे, तोच हा प्रकार. काही वर्षांत सिमेंटची रेघ तशीच उभी राहते आणि मधला कोरीव दगड वाळू होऊन खाली पडतो. त्यावर मग तैलरंग फासला जातो. रंगाने उरलासुरला श्वासही कोंडतो. गिलाव्याने तीर्थंकरांना मुख देणारा तो जुना गवंडी येथे आठवावा. त्याच्या चुन्याने दगडाचे नुकसान केले नाही.

बाकीची कारणे थोडक्यात सांगता येतील. गळकी नळ, वातानुकूलन यंत्राचे ठिबकणारे पाणी, सांध्यात रुजलेला पिंपळ, दगडात ठोकलेल्या लोखंडी खुंट्या. लोखंड गंजते, गंजताना फुगते आणि दगड फोडते. यांतील एकही कारण दैवी नाही आणि एकाचाही बंदोबस्त फार खर्चाचा नाही.

घरमालकाला दोष देणे सोपे आहे. तो न्याय्य नाही. भाडे जुन्या काळचे, वारस अनेक आणि शेजारी पाच मजली इमारत उभी राहिलेली. दारात येणारा जुन्या वस्तूंचा व्यापारी एका झरोक्याचे रोख पैसे मोजतो. अशा वेळी पूर्वजांच्या कीर्तीवर व्याख्यान ऐकवून झरोका वाचत नाही. त्यात कायद्याविषयीचे अज्ञान भर घालते. १९५८च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० साली जी दुरुस्ती झाली, तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रित आहे. परंतु निषिद्ध क्षेत्रातही जुन्या घराची दुरुस्ती परवानगी घेऊन करता येते, हे कित्येकांना ठाऊकच नसते. परवानगी मागायची कुठे, हे तर त्याहूनही कमी लोकांना. परिणामी माणूस एक तर काहीच करत नाही, किंवा रात्रीतून सारे उरकतो.

स्मारकाच्या आसपास नसलेल्या घरांसाठी वेगळी वाट हवी, आणि ती महाराष्ट्राला अपरिचित नाही. मुंबईने १९९५ साली वारसा-वास्तूंची प्रतवार यादी आणि तिचे नियम केले, देशात पहिल्यांदा. त्यांत खाजगी इमारतीही आल्या, आणि मालकाच्या तोट्याची काही भरपाई हस्तांतरणीय विकासहक्काने करण्याची तरतूद झाली. त्या व्यवस्थेत उणिवा आहेत, पळवाटाही आहेत. पण मालकाला केवळ ‘पाडू नका’ असे न सांगता त्याच्या हातावर काहीतरी ठेवले पाहिजे, हे तत्त्व तिने मान्य केले. ग्वाल्हेर आणि ओरछा या नगरांसाठी युनेस्कोच्या ‘ऐतिहासिक नगरदृश्य’ या दृष्टिकोनातून २०२० साली काम सुरू झाले. सुटे स्मारक न पाहता गल्ल्या, बाजार आणि वहिवाट यांसह सारे नगर पाहावे, हा त्या दृष्टिकोनाचा गाभा आहे. महाराजबाड्यावरील व्हिक्टोरिया मार्केटच्या इमारतीत डिसेंबर २०२४ मध्ये भूविज्ञान संग्रहालय सुरू झाले. बाजाराची इमारत संग्रहालय होऊन वाचली, हे उदाहरण बोलके आहे. मात्र प्रत्येक वाड्याचे संग्रहालय होऊ शकत नाही, होऊही नये. वाडा हा राहण्यासाठी असतो.

आता हातांविषयी. ग्वाल्हेरचे नाव महाराष्ट्रात पोहोचले ते दगडामुळे नव्हे, गळ्यामुळे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली, विष्णु दिगंबर पलुस्करांनी ती देशभर नेली. १९१८ साली माधवराव शिंदे आणि पंडित भातखंडे यांनी ग्वाल्हेरमध्ये संगीत विद्यालय सुरू केले, तेही गोरखीच्या परिसरात, म्हणजे लष्करच्या हृदयस्थानी. २०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हणून गौरविले. ख्याल वाचला, कारण तो कोणी काचेच्या कपाटात ठेवला नाही. गुरूने शिष्याच्या गळ्यात ठेवला. दगडाच्या घराण्यालाही अशीच वंशपरंपरा होती. बापाने मुलाच्या हातात छिन्नी द्यायची, आधी सरळ रेघ, मग वेल, मग जाळी. मानसिंहाच्या दरबारात ध्रुपद आणि मानमंदिर यांचा बहर एकाच छताखाली झाला. एका बहिणीसाठी चारशे वर्षांनी विद्यालय निघाले, दुसरीचा नातू कारंजी आणि बंगल्यांचे खांब कोरून पोट भरतो.

हे काम हलके नाही, आणि त्याची जाळी आजही डोळे दिपवते. पण जुन्या भिंतीची दुरुस्ती ही वेगळी विद्या आहे, आणि तिला गिऱ्हाईक नाही. ग्वाल्हेर परिसरातील फिकट हिरवट दगड आज ‘ग्वाल्हेर मिंट’ या नावाने फरशा होऊन दूरदेशीच्या अंगणांत जातो. त्याच दगडाचा एक चौकोनी तुकडा, थर पाहून निवडलेला, लष्करमधल्या एखाद्या महिरपीत बसवायला मिळत नाही, कारण तसा निवडून देणारा नाही आणि बसवणारा मागणारा नाही. त्यातच या धंद्यातील धुळीचा प्रश्न फार गंभीर आहे. वालुकाश्म म्हणजे बव्हंशी सिलिका. यंत्राच्या पात्याने तो कापताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. त्यावर औषध नाही. पाण्याच्या फवाऱ्याखाली कापणे आणि तोंडावर योग्य मुखपट्टी, एवढेच उपाय आहेत. ज्या बापाची छाती चाळिशीत भरली, तो मुलाच्या हाती छिन्नी कशाला देईल? वास्तुसंवर्धनाच्या परिसंवादांत क्षारांवर निबंध वाचले जातात. या धुळीवरही एखादा वाचला जावा.

म्हणून जतनाच्या कोणत्याही योजनेत तीन गोष्टी हाताला लागाव्या लागतील. महाराजबाड्यापासून चिटणीस की गोठपर्यंतच्या घरांची, छायाचित्रांसह, दगड कोणत्या स्थितीत आहे ते लिहिलेली यादी. ती करायला लष्करमधील महाविद्यालयांचे विद्यार्थी आणि तेथील मराठी मंडळी पुरेशी आहेत, त्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. दुसरे, नगरपालिकेच्या दारात एक खिडकी, जेथे चुन्याने केलेल्या दुरुस्तीला विनाविलंब आणि विनाशुल्क परवानगी मिळेल, आणि घरपट्टीत थोडी सूट. तिसरी गोष्ट सर्वांत साधी आणि सर्वांत दुर्मीळ. घाणीचा चुना.

चुना हा सिमेंटसारखा गोणी फोडून लगेच वापरायचा पदार्थ नाही. चांगली कळी निवडायची, पाण्यात विझवायची, हौदात कित्येक महिने मुरू द्यायची, मग विटांच्या सुरखीबरोबर घाणीत मळायची. जुने गवंडी त्यात गूळ, बेलफळाचा गर, उडदाचे पाणी असे काय काय घालत, त्याच्या पाककृती घराघराच्या वेगळ्या. लष्करमधल्या एखाद्या पडक्या आवारात असा एक हौद आणि एक घाणी उभी करायला फार पैसा लागणार नाही. पुढील पावसाळ्यापूर्वी एका जरी महिरपीचे सांधे भरायचे असतील, तरी कळी या हिवाळ्यातच पाण्यात पडली पाहिजे.